ऑपरेटरचा शिफ्ट इन्चार्ज झाल्यावर पहिले तीन महिने काय करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या (सरकारी औद्योगिक वसाहतीतल्या) एका मशीन शॉपमध्ये सहा वर्षं सीएनसी टर्निंगवर (संगणकावर चालणाऱ्या लेथवर) काम केलं आणि दोन महिन्यांपूर्वी ११ जणांच्या पाळीची जबाबदारी आली: सात मशीनचे सात ऑपरेटर, एक सेटर (मशीन नव्या कामासाठी लावून देणारा), एक तपासणीस, दोन हेल्पर. कालपर्यंतचे दोस्त सांगितलेलं काम हसण्यावारी नेतात. पन्नाशीचे सेटर ऐकत नाहीत. टार्गेट गाठलं जात नाही आणि कोणी दांडी मारली की स्वतःच मशीनवर उभं राहावं लागतं. माणसं ऐकायला लागावीत म्हणून नेतृत्वाचा कोणता कोर्स करावा?

कोर्सचं शेवटी पाहू. आधी, आठ तासांत तुम्ही उभे कुठे असता ते तपासा. चांगल्या ऑपरेटरला बढती मिळाली की अडचणीच्या वेळी त्याचे पाय आपोआप मशीनकडे वळतात, कारण तिथे त्याला सगळं येतं. पण तुम्ही तीन नंबरच्या टर्निंगवर पीस काढत असता तेव्हा पाच नंबरवर इन्सर्टची (धातू कापणाऱ्या पात्याची) कड गेलेली असते, बोअर (पीसमधलं भोक) मोठा व्हायला लागलेला असतो आणि ते कळेपर्यंत ट्रेमध्ये वीस पीस पडलेले असतात. तुम्ही दोन तासांत काढलेले तीसेक पीस त्या वीस रिजेक्टची भरपाई करत नाहीत, कारण त्यांत माल गेला, मशीनचा वेळ गेला आणि आता वर्गवारी करायलाही माणूस लागणार.

म्हणून एक मर्यादा घालून घ्या: बदली म्हणून मशीनवर जास्तीत जास्त एक तास. माणूस पूर्ण पाळी येणारच नसेल, तर सगळ्यात कमी घाईचं मशीन बंद ठेवा आणि सकाळी साडेसातच्या आत प्लॅनिंगला कळवा. मशीन बंद ठेवणं जिवावर येतं हे खरं, पण एक बंद मशीन सगळ्यांना दिसतं आणि त्यावर निर्णय घेता येतो. देखरेखीविना चाललेली सहा मशीन कोणाच्याच नजरेला येत नाहीत.

मोकळा झालेला वेळ फेऱ्यांना द्या. पहिल्या पाळीत सव्वासात, साडेनऊ, बारा आणि दोन अशा चार फेऱ्या पुरतात. एका मशीनपाशी तीन मिनिटं धरली तर सात मशीनची फेरी वीस-पंचवीस मिनिटांत होते. ‘सगळं ठीक ना?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर कायम ‘हो’ असतं. शेवटच्या पीसचं माप किती आलं, या कडेवर किती पीस झाले, आत्ता तू कशासाठी थांबला आहेस, हे विचारा. मापाचं उत्तर आकड्यात आलं नाही, तर माप घेतलेलं नाही असं समजा आणि तिथेच, शांतपणे, दोघांनी मिळून ते घ्या.

‘कशासाठी थांबला आहेस’ या तिसऱ्या प्रश्नावर माझा सगळा भर आहे. माणसं ऐकत नाहीत ही तक्रार जिथे जिथे असते, तिथे बहुतेक वेळा त्यांनी सांगितलेल्या गोष्टी आधी वाऱ्यावर गेलेल्या असतात. कूलंटला (कापताना सोडायच्या गार द्रवाला) वास येतोय, पीस पकडणारे जॉ झिजलेत, मापाचं व्हर्नियर दोघांत एकच आहे, पंखा दोन आठवडे बंद आहे. प्रत्येकाने हे कधी ना कधी सांगितलेलं असतं आणि पुढे त्याचं काय झालं ते त्याला कधीच कळलेलं नसतं. ज्याच्या सांगण्याला उत्तर मिळत नाही, तो तुमच्या सांगण्याला का उत्तर देईल?

खिशात मावणारी वही ठेवा. तारीख, कोणी सांगितलं, काय सांगितलं, उत्तर कधी देणार, उत्तर काय दिलं, एवढे पाच रकाने. फेरीत जे कानावर येईल ते त्या माणसासमोर लिहा. ‘बघतो’ म्हणून पुढे जाऊ नका, ‘गुरुवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत सांगतो’ म्हणा आणि गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत त्याच्यापाशी जा. उत्तर ‘नाही’ असलं तरी जा. ‘नवीन पंखा या महिन्यात मंजूर होत नाही, कारण बजेट कूलंट पंपावर गेलं, पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला पुन्हा विचारतो’ हेही उत्तरच आहे, आणि माणसं ते समजून घेतात. पहिल्या आठवड्यात स्वतःच्या अधिकारात होणाऱ्या दोन-तीन गोष्टी उरका: सॉफ्ट जॉ पुन्हा बोअर करून (आतून कातून) घेणं, दिवा बदलणं, पायाखाली लाकडी फळी टाकणं, गेज ठेवायची जागा ठरवणं. वहीत एका वेळी दहाच्या वर उघड्या नोंदी राहू देऊ नका. जास्त साचल्या तर त्या कोणाकडे अडल्यात ते मोजा. बहुधा सात-आठ नोंदी मेंटेनन्स किंवा स्टोअरकडे असतील. तेव्हा तक्रारी एकेक करून न नेता आठवड्यातून एकदा, एका कागदावर, त्या खात्याच्या माणसापुढे ठेवा.

आता टार्गेट. ते गाठलं जात नाही म्हणता, पण ते आलं कुठून ते पाहिलंत का? सायकल टाइम (मशीनला एक पीस कापायला लागणारा वेळ) तीन मिनिटं, पाळी ४८० मिनिटांची, म्हणजे १६० पीस, असा हिशेब बऱ्याच ठिकाणी फळ्यावर लिहिलेला असतो. खरा हिशेब मांडा. ४८० मधून जेवणाची ३० आणि दोन चहांची २० मिनिटं गेली, उरली ४३०. हँडओव्हर (पुढच्या पाळीला मशीन सोपवणं) आणि साफसफाई-कूलंट यांची प्रत्येकी १० गेली, उरली ४१०. तीन वेळा इन्सर्ट बदलायची प्रत्येकी ५ धरली तर ३९५. आता प्रत्येक पीसला तीन मिनिटांच्या सायकलवर काढ-घाल आणि मापाची तीस सेकंदं धरा, म्हणजे साडेतीन मिनिटं. ३९५ मिनिटांत ११२ पीस. १६०च्या टार्गेटला १०५ काढणारा ऑपरेटर नालायक ठरतो. ११२ शी ताडून पाहिलं तर तो चांगलं काम करतोय आणि सुधारायला सात पीसची जागा आहे. हा कागद मॅनेजरकडे घेऊन जा. काढ-घाल करायची ती तीस सेकंदं मात्र घड्याळ लावून, किमान दहा पीसवर मोजलेली असावीत, नाहीतर चर्चा तिथेच अडकेल.

मग प्रत्येक मशीनवर तासाचा फळा लावा: तास, ठरलेले पीस, निघालेले पीस, कमी पडले तर कारण आणि मिनिटं. कारण नेमकं हवं. ‘मशीन प्रॉब्लेम’ लिहून उपयोग नाही. ‘इन्सर्ट स्टोअरमध्ये नाही, २५ मिनिटं’ असं लिहिलं तर त्याचं काही करता येतं. या फळ्याचं नुकसान एकाच गोष्टीने होतं. कमी आकड्यावर ओरडलात, तर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून खोटे आकडे यायला लागतात. सगळ्या तासांत १४, १४, १४ अशी सरळ रांग दिसली की समजा, फळा पाळी संपताना एकदम भरला गेलाय. कमी आकडा लिहिणाऱ्याला पहिला प्रश्न ‘काय आडवं आलं?’ असाच हवा. आठवड्याच्या शेवटी कारणांच्या मिनिटांची बेरीज करा आणि फक्त पहिल्या दोन कारणांमागे लागा.

मॅनेजर ओरडतात त्यावरही इथेच उपाय आहे. वाईट बातमी अकरा वाजता द्या, पावणेतीनला नको. ‘चार नंबरवर आज ८० च निघतील, स्पिंडलला आवाज येतोय, मेंटेनन्सचा माणूस बारापर्यंत मिळाला तर १०० पर्यंत जाऊ.’ आकडा, कारण, काय हवंय आणि कधीपर्यंत, एवढंच. अकराला काही निर्णय हाताशी असतात, पावणेतीनला राग काढण्यापलीकडे काही उरत नाही.

हँडओव्हरबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण मशीन शॉपमधला बराच रिजेक्ट माल पाळी बदलल्यानंतरच्या पहिल्या तासात जन्माला येतो. जाणारा ऑपरेटर हात धुऊन, कपडे बदलून गेटपाशी उभा आणि येणारा मशीनपाशी एकटा, असं चित्र असेल तर ते आधी मोडा. २:५० ला, हात धुवायच्या आधी, मशीनपाशीच दोघं समोरासमोर. बोलायच्या गोष्टी ठरलेल्या: शेवटचं माप काय आलं, ऑफसेट (मशीनमध्ये टाकलेली टूलच्या मापाची दुरुस्ती) किती आणि का बदलला, चालू कडेवर किती पीस झाले, कोणता पीस शंकास्पद म्हणून बाजूला ठेवलाय, मशीनचा आवाज, गळती किंवा अलार्म काही आहे का. मग एक पीस दोघांनीही आपापल्या हाताने मोजायचा. दोघांच्या मापात ड्रॉइंगच्या टॉलरन्सच्या (मापात चालणाऱ्या एकूण फरकाच्या) दहाव्या हिश्शापेक्षा जास्त फरक आला, तर उत्पादन सुरू करायच्या आधी गेज आणि मोजायची पद्धत तपासा. पहिले दोन आठवडे तुम्ही स्वतः रोज दोन मशीनच्या हँडओव्हरला उभे राहा. नंतर आठवड्यातून एकदा पुरेल.

शिकवण्याची पद्धत हे टीम लीडरचं सगळ्यात मोलाचं कौशल्य आहे असं मी मानतो, आणि नेमकं तेच कोणी शिकवत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांना नवखी माणसं झटपट तयार करायची होती, त्यासाठी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा कार्यक्रम १९४० मध्ये सुरू झाला. पुढे जपानी कारखान्यांनी तो मनापासून उचलला. त्यातल्या चार पायऱ्या आजही तशाच चालतात: शिकणाऱ्याला तयार करा, करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर तपासत राहा.

यात मेहनत आहे ती काम फोडून लिहिण्याची. प्रत्येक कामाच्या मुख्य पायऱ्या, प्रत्येक पायरीतला कळीचा मुद्दा आणि त्याचं कारण. भोकाचा व्यास मोजणाऱ्या डायल बोअर गेजचं उदाहरण घ्या. पायऱ्या तीन: रिंग गेजवर (नेमक्या मापाच्या कड्यावर) शून्य लावणं, बोअरमध्ये घालून डोलवणं, वाचणं. डोलवताना काटा जिथून परत फिरतो ते सगळ्यात लहान माप धरायचं, कारण गेज तिरकं असेल तर व्यास असल्यापेक्षा मोठा दिसतो. दुसरा कळीचा मुद्दा: पीस गार झाल्यावर मोजायचा. पोलाद दर अंशाला दर मीटरमागे साडेअकरा मायक्रॉनच्या आसपास फुगतं. ५० मिलिमीटरचा बोअर नेहमीपेक्षा २० अंश जास्त गरम असेल तर तो साधारण साडेअकरा मायक्रॉन मोठा दिसणार. ड्रॉइंगवर ५० एच७ असं लिहिलेल्या बोअरची सगळी टॉलरन्स २५ मायक्रॉन आहे, म्हणजे जवळजवळ निम्मी त्या गरमीतच गेली. ही कारणं ज्याला कळली तो मापाचा कंटाळा करत नाही. ज्याला नुसतं ‘डोलव आणि वाच’ सांगितलं, तो घाईच्या दिवशी डोलवणं सोडून देतो.

करून घेताना चार वेळा करून घ्या. पहिल्यांदा तो न बोलता करेल आणि तुम्ही चूक झाल्या झाल्या थांबवाल. दुसऱ्यांदा पायऱ्या बोलत, तिसऱ्यांदा कळीचे मुद्दे सांगत, चौथ्यांदा कारणं सांगत. मग त्याला एकटं सोडा, पण पहिल्या तासात दर पाचवा पीस तुम्ही किंवा तपासणीसाने मोजायचा, दुसऱ्या दिवसापासून तासाला एक. आणि शिकवायचं शिकणाऱ्याच्या भाषेत. बिहारहून आलेल्या हेल्परला हिंदीत, पादऱ्याहून येणाऱ्या अप्रेंटिसला गुजरातीत. याच शहरात १८९० साली सयाजीरावांनी त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती कलाभवन ही तांत्रिक शिक्षणाची संस्था सोपवली, तेव्हा तांत्रिक शिक्षण लोकांच्या भाषेतून द्यायचा आग्रह त्यामागे होता. शॉप फ्लोअरवर तो आग्रह आजही तितकाच उपयोगी आहे.

कोणाला काय येतं याचा तक्ता भिंतीवर लावा. आडवी कामं, उभी नावं, प्रत्येक चौकटीत चार भाग केलेलं वर्तुळ: एक भाग भरला तर शिकतोय, दोन म्हणजे देखरेखीखाली करतो, तीन म्हणजे एकटा करतो, चार म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. लावण्याआधी प्रत्येकाला त्याची ओळ एकट्याने दाखवा, नाहीतर पहिल्याच दिवशी मानापमान सुरू होतील. प्रत्येक कामाला तीन भाग भरलेली किमान दोन माणसं हवीत. जिथे एकच आहे तिथे तुमची पाळी त्या एका माणसाच्या तब्येतीवर चाललेली आहे.

बडोद्यात हा तक्ता सुट्ट्यांच्या कॅलेंडरशेजारीच लावावा लागतो. १४ आणि १५ जानेवारीला उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत: गच्ची सोडून कोणी येणार नाही, हे धरूनच चला. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ, त्यासाठी यूपी-बिहारची माणसं दिवाळीलाच गावी जातात आणि छठनंतरच परततात. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा सुट्टी कोणाला कधी हे ७५ दिवस आधी ठरवा. तिकीट काढून झाल्यावर दिलेला नकार कोणी पाळत नाही. नवरात्रात नऊ रात्री गरबा उशिरापर्यंत चालतो, सकाळी सातच्या पाळीत डोळे जड असतात. त्या दिवसांत पहिल्या पाळीत नवीन सेटिंग ठेवू नका, ग्राइंडरवर गरब्याला न जाणारा माणूस लावा, पाळीची अदलाबदल मागितली तर मोकळ्या मनाने द्या. आणि गणपती: स्थापनेचा दिवस आणि विसर्जन दोन्ही मराठी मंडळींना हवे असतात, तुम्हालाही. यादीत आपलं नाव सगळ्यात शेवटी लिहा.

त्यावरूनच एक नाजूक गोष्ट. टीममध्ये दोन-तीन मराठी ऑपरेटर असतील तर त्यांच्याशी फ्लोअरवर मराठीत बोलणं सहज होतं. चहाच्या लारीवर जरूर बोला. पण काम वाटून देणं, चूक दाखवणं, जादा तास ठरवणं हे सगळ्यांना कळेल अशा गुजरातीत किंवा हिंदीतच करा. बाकीच्यांना शब्द कळले नाहीत की त्यांना फक्त हसू ऐकू येतं, आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्या हसण्याशी जोडला जातो. जादा कामाची नोंदही उघडी ठेवा: कोणाला विचारलं, कोण थांबलं, कोणी नको म्हटलं. दुप्पट दराचे पैसे असतात, त्यामुळे पाळीपाळीने वाटप झालेलं दिसलंच पाहिजे.

दोस्तांचं म्हणाल तर प्रत्येकाशी वेगळं, शॉपच्या बाहेर बोला. तीन वाक्यं पुरतात. ‘आपलं जे आहे ते तसंच राहील. पाळीत काम मी वाटेन, आणि तुला जड काम आलं तर ते दोस्ती बघून कमी होणार नाही, वाढणारही नाही. पटलं नाही तर चारचौघांत नको, मला बाजूला घेऊन सांग.’ त्यांना ‘तू’ म्हणत होतात तर ‘तू’च म्हणा. एकदम ‘तुम्ही’वर आलात तर त्यांना ते टोमण्यासारखं लागेल. पहिल्या महिन्यात सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीवर असतं: दोस्त उशिरा आला तर नोंद होते की नाही. ती व्हायलाच हवी.

सेटरकाकांचं कोडं वेगळं आहे. त्यांना तुमच्यापेक्षा जास्त येतं आणि ते दोघांनाही माहीत आहे. त्यांच्याशी ज्ञानात स्पर्धा करू नका. इन्सर्टची ग्रेड, स्पीड-फीड, जॉ बोअरिंग यांत शेवटचा शब्द त्यांचा असं सगळ्यांसमोर सांगा, आणि बदल्यात दोन गोष्टी मागा: प्रत्येक सेटिंग एका पानावर लिहून ठेवणं आणि तीन महिन्यांत दोन माणसं तयार करणं. लिहायचा कंटाळा असेल तर ते सांगतील आणि अप्रेंटिस लिहून घेईल. त्यांची एखादी गोष्ट चुकली तर शिकाऊ मुलांसमोर दाखवू नका. ‘काका, काल तीन नंबरला टेपर येत होता (एका टोकाला माप मोठं, दुसऱ्याला लहान), एकदा बघाल का?’ एवढं सांगितलं की बाकीचं त्यांना कळतं. तरीही अडवणूक चालू राहिली, तर मत बनवण्याआधी माहिती गोळा करा. बढती त्यांना मिळायची होती का, पगारात काही अडलंय का, निवृत्ती जवळ आलीय का. कारण पगाराचं असेल आणि तुम्ही मानपानाचे उपाय करत बसलात, तर दोन महिने वाया जातात.

चूक दाखवायची ती त्याच पाळीत, एकट्याला आणि वस्तू हातात घेऊन. ‘हे १८ पीस मोठ्या बोअरचे निघाले. साडेनऊ ते साडेदहा माप लिहिलेलं नाही. काय झालं होतं?’ मग थांबा आणि ऐका. कधी कळतं की गेज दुसऱ्या मशीनवर गेलं होतं, म्हणजे दोष व्यवस्थेचा. कधी कळतं की कंटाळा केला. तेव्हा पुढे काय बदलणार हे त्याच्याच तोंडून वदवून घ्या, वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी त्या वेळेला तिथे हजर राहा. ‘तू नेहमीच असं करतोस’ हे वाक्य काढून टाका. त्यावर वाद सोडून काही होत नाही. शाबासकीलाही हेच लागू: ‘मस्त काम’ पेक्षा ‘कड गेल्याचं तू दुसऱ्याच पीसला ओळखलंस’ हे माणसाच्या लक्षात राहतं. सतत उशीर होत असेल तर आधी कारण विचारा. आणंद किंवा भरूचहून मेमू लोकल गाडीने येणाऱ्याला पाळी बदलून देणं हा खरा उपाय असू शकतो. कारण नसेल तर दुसऱ्यांदा तोंडी ताकीद, तिसऱ्यांदा लेखी, आणि तेही आधी सांगून.

एकट्यात बोलण्याच्या नियमाला एकच अपवाद, सुरक्षितता. दाराचा इंटरलॉक (दार उघडं असताना मशीन चालू न देणारी सोय) बायपास करून मशीन चालतंय, पीस पकडून फिरणाऱ्या चकपाशी हातमोजे घातलेत, चिप्स हाताने ओढल्या जातायत, असं दिसलं की जागच्या जागी, सगळ्यांसमोर मशीन थांबवा. समोर दोस्त असो, काका असोत. टार्गेटच्या घाईत एकदा जरी न पाहिल्यासारखं करून पुढे गेलात, तर त्या शॉपमधला तो नियम त्या दिवशी संपतो.

राहिला कोर्स. तीन महिने वही, तासाचा फळा आणि हँडओव्हर नीट चालवल्यावर मग दोन-तीन दिवसांचा पर्यवेक्षकांसाठीचा वर्ग जरूर करा, कारण तोपर्यंत तुमच्याकडे विचारायला खरे प्रश्न असतील. पैसे भरण्याआधी एवढं विचारा: सराव किती तास आहे, काम फोडून शिकवायचा सराव करून घेतात का, आणि महिन्याभराने कोणी येऊन तपासतं का. नुसती व्याख्यानं असतील तर ते पैसे दुसरं बोअर गेज घ्यायला कंपनीकडे मागा.